गालिचा धुण्याआधी धागा ओळखा

माल विकला, पैसे गल्ल्यात पडले की काम संपले, असे समजणारे दुकानदार पुष्कळ आहेत. गालिच्याच्या धंद्यात हे चालत नाही. हजारो रुपये मोजून नेलेल्या गालिच्यावर पहिला डाग पडला की गिऱ्हाईक गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ब्रश घेऊन बसते. मग रंग पसरतो, लोकर आकसते आणि बोल लागतो तो दुकानदाराला व विणणाऱ्या कारागिराला. म्हणून माल देतानाच धुण्याची रीत सांगणे हा सौद्याचाच भाग समजावा.

प्रथम धागा कोणता ते पाहावे. कडेचे एक-दोन तंतू काढावेत आणि मालापासून दूर, धातूच्या ताटलीवर चिमट्यात धरून जाळावेत. केस जळल्यासारखा वास आला व राख बोटात चुरली, तर लोकर किंवा अस्सल रेशीम. कागद जळल्यासारखा वास आला, तर सूत किंवा व्हिस्कोस. वितळून कडक मणी झाला, तर नायलॉन, पॉलिएस्टर यांसारखा कृत्रिम धागा. चकाकणारा व्हिस्कोस ‘आर्ट सिल्क’ या नावाने बाजारात येतो. तो रेशीम म्हणून विकणे ही बेइमानी आहेच, शिवाय ओला झाला की तो कमजोर होतो व पिवळा पडतो. पहिल्याच धुण्यात लबाडी उघडी पडते.

नंतर पाठ पाहावी. हाताने गाठी मारलेल्या भदोही किंवा काश्मीरच्या गालिच्याची नक्षी मागच्या बाजूलाही दिसते. टफ्टेड गालिच्याच्या मागे लॅटेक्स लावून कापड चिकटवलेले असते. तो भिजवला तर चिकटवण सुटते आणि कुबट वास राहतो. त्यावर बादलीने पाणी ओतू नये. सुती सतरंजी पाणी सोसते, पण रंग पक्का असेल तरच. पांढरे फडके ओले करून कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरावे. फडक्याला रंग लागला, तर तो माल घरी धुऊ नये, जाणकाराकडे द्यावा.

रोजची निगा सोपी आहे. गालिचा आठवड्यातून एकदा उलटा करून मागून हलके झोडपावा, म्हणजे मुळाशी बसलेली वाळू गळते. हीच वाळू पायाखाली धागा कापत असते.

मांजर-कुत्र्याची घाण

घरात मांजर असले की हा प्रश्न येतोच. विष्ठा किंवा ओकारी बोथट चमच्याने कडेकडून मध्याकडे उचलावी. लघवी झाली तर घासू नये. जाड सुती फडके ठेवून पायाने दाबावे, फडके बदलत राहावे. मग थंड पाणी थोडे थोडे शिंपडून पुन्हा टिपावे. त्यानंतर एक वाटी पांढरे व्हिनेगर तीन वाट्या पाण्यात मिसळून, आधी कोपऱ्यावर पारखून, डागावर लावावे व टिपून घ्यावे.

घाई यासाठी की लघवी जुनी झाली की तिच्यातून अमोनिया सुटतो आणि तो रंग बिघडवतो. शिवाय तिच्यातील युरिक आम्ल साध्या पाण्यात सहज विरघळत नाही. म्हणून दमट हवेत वास परत येतो आणि मांजर त्याच जागी पुन्हा बसते. जुन्या डागासाठी एन्झाइमयुक्त द्रावण मिळते, पण त्यातील काही एन्झाइम प्रथिने तोडतात आणि लोकर-रेशीम ही प्रथिनेच आहेत. बाटलीवर ‘लोकरीसाठी चालते’ असे लिहिले असेल तरच वापरावे.

ब्लीच मात्र कधीच नको. ते लोकर व रेशीम खाऊन टाकते. लघवीतील अमोनियाशी किंवा व्हिनेगरशी ते मिसळले तर विषारी वायू निघतो.

ज्या गालिच्यावर नमाज पढली जाते, तिथे डाग दिसेनासा झाला एवढ्याने भागत नाही. पाकीचा मसला उलेमांना विचारावा. कापडवाला एवढेच सांगेल की वास उरला म्हणजे घाण आत उरली आहे.

वाळवणे आणि ठेवणे

आपल्याकडे खरे नुकसान पावसाळा करतो. ओला गालिचा वाळला नाही तर आतला सुती ताणा कुजतो. मोठे धुणे दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काढावे. गालिचा सावलीत, बाजेवर सपाट पसरावा, म्हणजे वारा दोन्ही बाजूंनी लागतो. ठेवताना घडी न घालता गुंडाळी करावी. प्लास्टिक न वापरता सुती चादरीत बांधावा आणि मधूनमधून उघडून कसर लागली आहे का ते पाहावे.

दुकानदार बंधूंनी एक करावे. बिलासोबत मराठीत व उर्दूत छोटी चिठ्ठी द्यावी: धागा कोणता, पाठ कोणती, पाणी चालते की नाही. छपाईला फारसा खर्च येत नाही. गालिचा टिकला तर तेच गिऱ्हाईक मुलीच्या लग्नाची खरेदी करायला आपल्याच दुकानाची पायरी चढेल.