पक्षाघातानंतर हृदयावर नजर

बंगळुरूमध्ये मेंदूविकारांसाठी केंद्र सरकारची निम्हान्स, तर हृदयविकारांसाठी कर्नाटक सरकारची जयदेव संस्था आहे. पक्षाघाताच्या अनेक रुग्णांचा आजार मात्र या दोहोंच्या सीमेवर असतो. मेंदूतील रक्तवाहिनी बंद करणारी गुठळी तयार झालेली असते हृदयात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे आकुंचन अनियमित झाले, म्हणजेच ‘एट्रियल फिब्रिलेशन’ झाले की तेथे रक्त साकळते, गोठते आणि गुठळी प्रवाहाबरोबर मेंदूकडे जाते. अशा व्यक्तींना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो.

अडचण अशी की, ही अनियमितता येते आणि जाते. रुग्णाला तिची जाणीवही नसते. रुग्णालयातील नेहमीचा ईसीजी काही सेकंदांचीच नोंद घेतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात कारण न उमगलेल्या पक्षाघाताचे ५७२ रुग्ण होते. ३० दिवस छातीवर पट्टा बांधणाऱ्यांपैकी १६.१ टक्के रुग्णांत हा दोष आढळला. २४ तासांच्या नोंदीत केवळ ३.२ टक्क्यांत. आता पट्ट्याऐवजी छातीला चिकटणारी छोटी पट्टीही उपलब्ध आहे.

मग सर्वांनाच रक्त गोठू न देणारे औषध का देऊ नये? वरकरणी हा उपाय स्वस्त वाटतो. परंतु २०१८ मधील एका मोठ्या चाचणीत असे सरसकट औषध ॲस्पिरिनपेक्षा सरस ठरले नाही. रक्तस्राव मात्र वाढला. दोष सिद्ध झालेल्या रुग्णांत वॉरफरिनने पक्षाघाताचा धोका जवळपास दोन-तृतीयांश घटतो. म्हणूनच निदानाला मोल आहे.

खरा प्रश्न खर्च कोणी उचलायचा हा आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण देते. पण ते रुग्णालयातील उपचारांशी आणि त्यानंतरच्या १५ दिवसांशी बांधलेले आहे. महिनाभर घरी चालणारी नोंद या चौकटीत पुरती बसत नाही. कमावता माणूस दुसऱ्या झटक्याने अंथरुणाला खिळला, तर त्याची शुश्रूषा करणाऱ्याचाही रोजगार बुडतो, हा हिशेब कोणत्याही देयकात दिसत नाही.

शिवाय दोन आठवड्यांत पट्टीत सुमारे १४ लाख ठोके साठतात. संगणक संशयास्पद तुकडे वेगळे काढतो. शिक्कामोर्तब तज्ज्ञालाच करावे लागते. कर्नाटक सरकार, निम्हान्स आणि नीती आयोग यांच्या २०२२ मधील मेंदू आरोग्य उपक्रमातून कोलारसारख्या जिल्हा रुग्णालयांत चिकित्सालये सुरू झाली. पट्टी तेथे लावून नोंद बंगळुरूत वाचता येणे तंत्रदृष्ट्या अवघड नाही. तज्ज्ञाच्या त्या वेळेसाठी तरतूद मात्र करावी लागेल.