चिखलातली शर्यत आणि चाकोरीबाहेरच्या सायकली

माउंटन बाइकच्या शर्यतीत चढ, दगड आणि झाडांची मुळे हे अडथळे असतातच. पाऊस पडला की त्यात चिखलाची भर पडते आणि सायकलींची प्रतवारीच बदलून जाते. कोरड्या वाटेवर सर्वांत वेगवान ठरणारी बारा गिअरची सायकल चिकट चिखलात तासाभरात अडू शकते. त्याच वाटेवर एकच गिअर असलेली किंवा चेनऐवजी पट्ट्यावर चालणारी सायकल पुढे सरकत राहते. काही शर्यतींत तर एकचाकीवरचे स्वारही उतरतात. या सायकली दिसायला विचित्र असल्या, तरी प्रत्येकीची घडण चिखलाच्या एखाद्या विशिष्ट त्रासावर तोडगा म्हणून झालेली किंवा उपयोगी पडलेली आहे.

चिखल काय करतो

चिखल सगळीकडे सारखा नसतो. वाळूमिश्रित चिखल टायरला फारसा चिकटत नाही, पण त्यातले कण चेन, दाते आणि ब्रेकचे पॅड झिजवतात. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान असतात. ते पाणी धरून ठेवतात आणि एकमेकांना, रबराला व धातूला घट्ट चिकटतात. महाराष्ट्रातल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइटसारखी पाण्याने फुगणारी खनिजे असतात. त्यामुळे पावसाळ्यात शेतरस्त्यावरून सायकल ढकलत नेणेसुद्धा अवघड होते. हा चिकटपणा पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून असतो. धो धो पावसात चिखल पातळ होऊन चाकावरून वाहून जातो. पाऊस थांबून वाट अर्धवट वाळू लागली की मात्र तो सर्वांत जास्त चिकटतो. त्यामुळे अनुभवी स्वारांना भर पावसापेक्षा पावसानंतरच्या उघडिपीची धास्ती जास्त वाटते.

चिकट माती आधी टायरच्या खाचांत बसते, मग टायर आणि चिमटा यांच्यामधल्या फटीत साचते. फट भरली की चाक फिरायचे थांबते. त्याआधीच सायकलचे वजन कितीतरी वाढलेले असते. याहून नाजूक जागा म्हणजे मागच्या चाकाचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा. ती चाकाच्या बाजूला लोंबकळत असते आणि तिचे खालचे टोक जमिनीपासून वीतभरही उंच नसते. आधुनिक सायकलच्या मागच्या चाकावर १० दात्यांपासून ५० दात्यांपर्यंतच्या बारा चकत्या एकमेकींना जवळजवळ खेटून असतात. त्यांच्या फटींत चिखल आणि गवत ठासून बसले की गिअर नीट पडत नाहीत आणि चेन उड्या मारू लागते. चिखलाने माखलेली चेन कधीकधी पुढच्या चकतीच्या दात्यांवरून सुटतच नाही. तशीच वर ओढली जाऊन फ्रेमला अडकते. अशा वेळी स्वाराने पेडलवर जोर दिला, तर डिरेलर ज्या पट्टीवर बसवलेला असतो ती पट्टीच वाकते किंवा तुटते.

परंपरा जुनीच

शर्यतीत वेगळी सायकल आणण्याची रीत माउंटन बाइकच्या जन्मापासूनची आहे. युरोपात त्याआधीपासून सायक्लोक्रॉस हा खेळ रुजला होता. शेते, कुरणे आणि चिखल यांतून, गरज पडेल तिथे सायकल खांद्यावर घेऊन धावायच्या या शर्यतीची फ्रान्समधली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली पॅरिसमध्ये. डिसेंबर १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातील मिल व्हॅली येथे अशीच एक सायक्लोक्रॉस शर्यत होती. तिथे क्युपर्टिनोहून ‘मॉरो डर्ट क्लब’ची काही मुले जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन आली. त्या सायकलींना त्यांनी डिरेलर गिअर बसवले होते. मिल व्हॅलीच्याच मरीन परगण्यातील तरुण तेव्हा बिनगिअरच्या जुन्या सायकलींवरून डोंगर उतरत असत. त्यांनी ही युक्ती उचलली. १९७६ साली त्यांच्या ‘रीपॅक’ या उताराच्या शर्यती सुरू झाल्या आणि १९७७ साली जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी नव्या फ्रेम घडवल्या. पुढे गॅरी फिशर, चार्ली केली आणि टॉम रिची यांनी या सायकलींचा व्यवसाय उभा केला. १९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिम्पिकमध्ये दाखल झाला.

गिअर आल्यामुळे डोंगर उतरण्याबरोबर चढताही येऊ लागला. पण चिखलात त्याच गिअरची अडचण होते हे दिसल्यावर काही स्वार पुन्हा एका गिअरकडे वळले.

एकच गिअर

एका गिअरची माउंटन बाइक तत्त्वतः आपल्याकडच्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या साध्या सायकलीसारखीच असते: पुढे एक चकती, मागे एक फ्रीव्हील आणि मध्ये सरळ रेषेत फिरणारी चेन. लोंबकळणारा डिरेलर नाही, गिअरची तार नाही, चिखल अडकायला चकत्यांच्या फटी नाहीत. चेन जाड आणि मजबूत वापरता येते. तिचा ताण मात्र अचूक ठेवावा लागतो. त्यासाठी मागचे चाक मागे-पुढे सरकवण्याची सोय असते किंवा क्रँकचा आस थोडा सरकवता येतो.

खरा कस लागतो तो गिअर निवडताना. पुढे ३२ आणि मागे २० दाते असतील, तर पेडलच्या एका फेरीत चाक १.६ वेळा फिरते. २९ इंची चाकाचा घेर सुमारे २.३ मीटर असतो, म्हणजे एका फेरीत सायकल ३.७ मीटर पुढे जाते. मिनिटाला १०० फेऱ्या मारल्या, तरी वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास थांबतो. सपाटीवर गिअरवाले पुढे निघून जातात. चढावर मात्र हाच गिअर जड वाटतो. स्वाराला उभे राहून, हॅण्डल ओढून, अंगाच्या वजनाने पेडल दाबावे लागते. चिखलात उभे राहिले की मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते जागच्या जागी फिरू लागते. म्हणून वेग टिकवणे, वळणावर ब्रेक कमी लावणे आणि चढ फारच निसरडा झाला की वेळीच उतरून धावणे, हे यातले खरे कसब. चिखलाची शर्यत असेल, तर बरेच स्वार मागे एक-दोन दाते जास्त असलेली चकती लावून गिअर हलका करतात.

काही जण याहून पुढे जाऊन फिक्स सायकल वापरतात. तिला फ्रीव्हील नसते, त्यामुळे चाक फिरते तोवर पेडलही फिरत राहते. मागच्या चाकाची पकड सुटते आहे की नाही, हे पायांना ताबडतोब कळते. पण उतारावर पाय स्थिर ठेवता येत नाहीत आणि दगडांवर पेडल आपटण्याचा धोका कायम असतो.

झाकलेले गिअर आणि पट्टा

गिअर हवेतच, पण चिखलापासून दूर, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी गिअर डबीत बंद करण्याचा मार्ग आहे. जर्मनीच्या रोहलॉफ कंपनीच्या हबमध्ये १४ गिअर तेलात बुडवून बंद केलेले असतात, आणि सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या ५२६ टक्के असतो. पिनियन ही दुसरी जर्मन कंपनी गिअरची पेटी क्रँकच्या जागी बसवते. बाहेर उरते ती एकच सरळ चेन. तिच्याऐवजी दातेरी पट्टाही लावता येतो. त्याला तेल लागत नाही आणि तो गंजत नाही. पण वजन वाढते, बंद दातेरी चाकांत थोडी ताकद खर्च होते आणि किंमत सामान्य स्वाराच्या आवाक्याबाहेर जाते. शिवाय पट्टा अखंड असल्यामुळे तो बसवायला फ्रेममध्ये उघडणारा सांधा लागतो.

जाड टायर, बारीक टायर, एकच चाक

फॅट बाइकचे टायर चार इंचांच्या आसपास रुंद असतात. ही सायकल घडली ती अलास्कातील बर्फावर आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळूवर. २००५ साली आलेल्या सर्ली कंपनीच्या पग्स्ली या सायकलीमुळे ती जगभर पोहोचली. टायरमध्ये अगदी कमी हवा ठेवली की भार पसरतो आणि चाक रुतत नाही. मऊ, ओल्या जमिनीवर याचा फायदा होतो. चिकणमातीत मात्र रुंद टायर तेवढीच जास्त माती उचलतो, आणि पातळ चिखलाच्या थरावर तो तरंगत घसरतो.

सायक्लोक्रॉसची सायकल याच्या नेमकी उलट. यूसीआय या जागतिक सायकल संघटनेच्या नियमानुसार तिचा टायर ३३ मिलिमीटरहून रुंद असू शकत नाही. अरुंद टायर चिखल कापत खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोचतो आणि दोन्ही बाजूंना माती निसटायला जागा राहते. खाली खूप खोल चिखल असेल, तर मात्र तो रुततो.

एकचाकीला चेनच नसते. क्रँक थेट चाकाच्या आसाला जोडलेली असते, म्हणून चिखलाला अडवण्यासारखे फारसे काही सापडत नाही. अलास्काचे जॉर्ज पेक आणि कॅनडाचे क्रिस होल्म यांनी खडकाळ डोंगरावर एकचाकी चालवण्याचा प्रकार नावारूपाला आणला. ३६ इंची चाकाची एकचाकीसुद्धा पेडलच्या एका फेरीत सुमारे २.९ मीटरच जाते. तोल राखण्याचे काम क्षणभरही थांबत नाही. असे असूनही लांब पल्ल्याच्या शर्यतींत एकचाकीवाल्यांनी भाग घेतला आहे.

नियमांचा प्रभाव

कोणती सायकल योग्य, हे शर्यतीच्या नियमांवरही ठरते. सायक्लोक्रॉसमध्ये ठरलेल्या जागी सायकल बदलता येते. स्वार एका सायकलवर असतो, तेव्हा त्याचे मदतनीस दुसरी धुऊन तयार ठेवतात, त्यामुळे नाजूक गिअरही चालून जातात. ऑलिम्पिक प्रकारच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत सायकल बदलता येत नाही आणि बाहेरची मदत ठरावीक टप्प्यांवरच मिळते. तिथे सायकल शेवटपर्यंत टिकणे याला मोल येते. चोवीस तासांच्या शर्यतींत तर तेच निर्णायक ठरते. स्कॉटलंडमधील स्ट्रॅथपफर ही शर्यत जानेवारीत भरते आणि तिच्यातले सुमारे १७ तास अंधारात जातात. थंडी, पाणी आणि वाळू यांत ब्रेकचे पॅड एका शर्यतीत संपू शकतात. रिमवर दाबणारे ब्रेक चिखलात रिमच खरवडतात, म्हणून डिस्क ब्रेक आता सार्वत्रिक झाले आहेत.

तयारी आणि निगा

सायकल कोणतीही असो, चिखलासाठी काही गोष्टी सारख्याच लागतात. टायर फार रुंद नसावा, त्याचे दाते उंच आणि विरळ असावेत, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी असावी आणि चिमट्याशी फट मोकळी असावी. शर्यत संपल्यावर माती वाळण्याआधी धुणे महत्त्वाचे. पण जोराचा फवारा हब किंवा क्रँकच्या छर्‍यांवर मारला, तर ग्रीस निघून पाणी आत शिरते. त्यानंतर चेन पुसून तेल द्यावे आणि ओव्हरहॉलिंग लांबणीवर टाकू नये. ओल्या पायवाटेवर चाकांनी पडलेल्या चरांतून पाणी वाहून माती धुपते, म्हणून सराव पक्क्या किंवा मुरमाड वाटांवर करावा. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणारी नाजूक वनस्पतिसृष्टी चाकाखाली सहज नष्ट होते; तिथे सायकल घालूच नये.

चिखलासाठी सर्वगुणसंपन्न सायकल नाही. जिथे चढ बेताचे, माती चिकट आणि शर्यत लांब, तिथे सुटे भाग कमी असलेली साधी सायकल भारी ठरते; जिथे चढ उभे आणि सपाटी लांबलचक, तिथे गिअरची किंमत मोजावीच लागते. ज्याला चिखलाच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरायचे आहे, त्याने नवी महाग सायकल घेण्याआधी हातातल्या सायकलीवर एका गिअरचा सराव करून पाहावा. वेग कसा टिकवायचा आणि कुठे उतरून धावायचे, हे त्यातून जितके नीट शिकता येते तितके दुसऱ्या कशातून क्वचितच येते.