गाणाऱ्यांनो, कान सांभाळा : कानातल्या स्वस्त बिनतारी मॉनिटरविषयी थोडेसे

सुगी आटोपली की आपल्या बेळगाव-निपाणी भागात गाण्याबजावण्याचे दिवस येतात. नाताळची गाणी, फेस्ताचा कार्यक्रम, लग्नाची वरात, शेजारच्या गावची जत्रा, सगळीकडे आता लाउडस्पीकर आहे. गाणाऱ्यांची तक्रार मात्र एकच असते, की आमचा आवाज आम्हालाच ऐकू येत नाही. यावर उपाय म्हणून कानात घालायचे बिनतारी मॉनिटर बाजारात मिळतात, आणि त्यांतले काही लहान गायकवृंदालाही परवडतात. ते घ्यावेत का आणि घेतल्यास कसे वापरावेत, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

गरज जुनीच

गायकाला सूर कानाशी लागतो, ही गोष्ट नवी नाही. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व तंबोरे जुळवण्याबाबत किती काटेकोर होते, हे संगीतप्रेमींना ठाऊक आहे. गवयाच्या मागे, कानांजवळ तंबोरे असतात ते याचसाठी. भजनातही पेटी आणि तबला हाताच्या अंतरावर असतात.

लाउडस्पीकरचे तोंड मात्र लोकांकडे असते. गाणाऱ्याला भिंतीवर आपटून परत आलेला, उशिराचा आवाज तेवढा मिळतो. म्हणून त्याच्या पायाशी आणखी एक स्पीकर ठेवतात. मग ड्रमवाला जोरात वाजवतो, कीबोर्डवाला बटण फिरवतो, गायक ओरडतो. पायाशी असलेल्या स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. तोच आवाज थेट कानात दिला तर शिट्टीही कमी होते आणि स्टेजवरचा गोंगाटही.

यंत्र कसे असते?

याचे तीन भाग असतात. मिक्सरला जोडायचा प्रेषक, कमरेला लावायचा ग्राहक आणि कानातले बोंडूक. मिक्सरच्या ‘ऑक्स’ या जोडणीतून प्रेषकाला आवाज देतात, म्हणजे लोकांना ऐकू येणारा आवाज न बदलता गायकापुरता आवाज कमीजास्त करता येतो. पुष्कळ संचांत एका प्रेषकावर अनेक ग्राहक चालतात. मात्र तेव्हा सर्वांना एकच मिश्रण ऐकू येते.

येथे एक सावधगिरी हवी. फोनवर गाणी ऐकायची ब्लूटूथ बोंडुके या कामाची नव्हेत. त्यांत आवाज साधारण १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे १५० मिलिसेकंदांचा उशीर हा शेताच्या पलीकडच्या बांधावर, ५० मीटरवर पेटी वाजवण्यासारखा आहे. अशाने ताल कसा राहणार? मॉनिटरसाठी बनवलेल्या चांगल्या संचात हा उशीर ५ मिलिसेकंदांच्या आसपास असतो. खरेदीपूर्वी हा आकडा विचारावा.

स्वस्त संच बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. आपल्या देशात २००५ पासून या पट्ट्यातील कमी शक्तीच्या यंत्रांना परवाना लागत नाही. पण वाय-फाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात चालतात, त्यामुळे गर्दीत आवाज तुटू शकतो. शिवाय माणसाचे शरीर या लहरी अडवते. प्रेषक उंचावर, गायकाला दिसेल असा आणि वाय-फायच्या राउटरपासून दूर ठेवावा. पाहणी रिकाम्या सभागृहात करून भागत नाही, ती माणसे जमल्यावर करावी. यूएचएफ पट्ट्यातील संच घ्यायचा असल्यास परवान्याविषयी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

पैसे वाचवायचे असतील तर आणखी एक गोष्ट. कीबोर्ड आणि ड्रम वाजवणारा जागचा हलत नाही. त्याला तारेचा हेडफोन पुरतो. बिनतारी संच फिरून गाणाऱ्यालाच द्यावा.

आता कानाचे

आमच्या मते मुख्य गोष्ट हीच आहे. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या केसासारख्या बारीक पेशी असतात. ऊस तोडला तरी खोडवा फुटतो. या पेशींना खोडवा नाही. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्थेच्या दंडकानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तास सोसता येतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला अवघी १५ मिनिटे. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी ९० डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज सहज असतो. दिवसभर रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र चालवलेल्या तरुणाच्या कानाचा त्या दिवसाचा वाटा संध्याकाळी गायला येण्याआधीच संपलेला असतो. म्हणून शेतावर कानात बोळे किंवा कानावर टोप्या घालाव्यात, आणि गाताना मॉनिटर हळू ठेवावा.

घट्ट बसलेले बोंडूक बाहेरचा गोंगाट अडवते, म्हणून कमी आवाजातही भागते. हाच त्याचा खरा फायदा. बटण चढवीत नेले तर तेच यंत्र घातक ठरते. यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. बोंडूक घालण्याआधी आवाज शून्यावर आणावा, मग हळूहळू वाढवावा.

२. दोन्ही कानांत घालावे. एक काढले की माणूस दुसऱ्याचा आवाज वाढवतो. लोकांचे गाणे ऐकू येत नसेल तर त्यांच्या दिशेने एक माइक लावून तो थोडा मिसळावा.

३. माइक पडला तर धमाका थेट कानात जातो. तो रोखणारा ‘लिमिटर’ संचात आहे का, हे पाहावे.

४. बोंडुकाची रबरी टोपी ज्याची त्याने वापरावी आणि पुसून ठेवावी. कान वाहत असेल तर बोंडूक घालू नये.

५. कानात तेल ओतू नये, काडी घालू नये.

कार्यक्रमानंतर कानात गुणगुण राहिली किंवा ऐकू कमी आले, तर आवाज जास्त झाला असे समजावे. पुढच्या वेळी तो कमी करावा. गुणगुण दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जावे, उशिराने उपचाराचा गुण कमी येतो.

संच जुना झाला तर नवा आणता येतो. कानाचे तसे नाही. गायकवृंदाच्या प्रमुखांनी पहिल्याच सरावाला हे सर्वांना सांगावे.