किबोर्डवरचे तास

१९८४ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले. सुरुवात देशभरातल्या अवघ्या २५० शाळांपासून झाली. खंबाटकी घाटाखालच्या खंडाळ्यासारख्या तालुक्यांतल्या मुलांना किबोर्डला बोट लावायला मिळण्यासाठी बरीच वर्षं थांबावं लागलं.

२००१मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची, म्हणजे एमकेसीएलची स्थापना झाली आणि चित्र पालटू लागलं. दहावीचा शेवटचा पेपर दिला की सुट्टीत तिचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स करायचा, असा रिवाजच गावोगाव पडला. अडचण होती ती भारनियमनाची. वीज कधी येणार हे पाहूनच क्लासची बॅच ठरायची.

खरा कस लागायचा तो अकरावी-बारावीच्या बायफोकलला. जीवशास्त्र आणि दुसरी भाषा सोडून संगणकशास्त्र घ्यायचं, एकूण २०० गुणांचं. दोन लेखी पेपर ५०-५० गुणांचे, उरलेले १०० प्रात्यक्षिकाचे. पहिल्या पेपरात सी++ आणि डेटा स्ट्रक्चर, दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर. ही चिप १९७६ची. एवढी जुनी चिप कशाला शिकवता, असं विचारणारे बरेच भेटतात. पण ‘एमव्हीआय ए’ म्हणजे ‘३ई’, ‘एचएलटी’ म्हणजे ‘७६’ असे सूचनांचे कोड एकेक करून ८०८५च्या सराव-किटवर दाबले आणि उत्तर दिव्यांच्या आकड्यांत उमटलं, की यंत्राच्या पोटात काय चालतं हे मुलाला कायमचं कळतं. अभ्यासक्रमातला हा भाग मोलाचाच होता.

सी++चं दुखणं वेगळं. प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, आणि सुटलेला सेमिकोलन कागद दाखवत नाही; तो कंपायलरच दाखवतो. आठवड्याला एखादाच तास लॅब मिळणारा विद्यार्थी मग जर्नलमधला प्रोग्रॅम आउटपुटसकट पाठ करायचा. मुलींना तर हा तासही पुरता मिळायचा नाही. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच खंडाळा तालुक्यातलं. आज इथल्या मुलींना शाळेत जायला अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास आहे. पण गाडी चुकू नये म्हणून प्रॅक्टिकल अर्ध्यावर सोडायचं, तर तो पास तेवढा तास भरून देत नाही. शहरातल्या आणि इथल्या मुलांमधलं अंतर बुद्धीचं कधीच नव्हतं, किबोर्डवर मिळालेल्या तासांचं होतं.

बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयानं मात्र एक चांगली गोष्ट केली. त्याची ८० गुणांची बोर्डाची परीक्षाच संगणकावर होऊ लागली, त्यामुळे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टचा सराव स्क्रीनसमोर बसूनच करावा लागला.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. पुढच्या वर्षी बारावीची परीक्षाच रद्द झाली. दहावी, अकरावी आणि बारावीच्या गुणांना ३०:३०:४० असा भार देऊन ३ ऑगस्ट २०२१ रोजी निकाल लागला, राज्याचा ९९.६३ टक्के. शाळा बंद असताना एचटीएमएलचे टॅग घरातल्या एकुलत्या मोबाइलवरही टाइप करून पाहता आले. ८०८५चं किट मात्र शाळेच्या कुलूपबंद लॅबमध्येच राहिलं.