रूळ नाहीत, सायकली आहेत

डोंगरात सायकलस्वाराचा दम निघतो तो चढावर. आगगाडीसाठी खोदलेल्या वाटेवर मात्र तसं होत नाही. लोखंडी चाक तीव्र चढावर रुळावर जागच्या जागी घसरतं, म्हणून अभियंते चढ सहसा 100 मीटरला 3 मीटरच्या आत ठेवत आणि आड आलेला डोंगर बोगद्यानं पार करत. स्पेननं 1993 पासून अशा पडीक मार्गांचे हरित मार्ग केले. अंदालुसियातला पुएर्तो सेरानो ते ओल्वेरा हा 36 किलोमीटरचा पट्टा त्यातला देखणा: 30 बोगदे, 4 मोठे पूल, वाटेत गिधाडांची वसाहत. गंमत म्हणजे इथं आगगाडी कधी धावलीच नाही; काम अर्धवटच राहिलं!

आपल्याकडे जुना मार्ग सोडण्यापेक्षा रुंद करण्याकडे कल. सावनेरवरून सातपुडा चढणारी नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज 2015 मध्ये थांबली, ती ब्रॉडगेजसाठीच. कळमेश्वरवरून जाणारा नागपूर–इटारसी मार्ग तर सतत वर्दळीचा. त्याच्या कडेनं सायकल काढण्याचा मोह टाळा. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.