एचआयव्ही: रिपोर्ट निगेटिव्ह, पण कितव्या दिवशीचा?

परवा आमच्या लॅबमध्ये एका तरुणाने विचारलं, “आठवड्यापूर्वी असुरक्षित संबंध आला. आज टेस्ट निगेटिव्ह आहे, म्हणजे सुटलो ना?”

अजून नाही.

एचआयव्ही रोगप्रतिकारक सीडी४ पेशीला चिकटून आत शिरतो, आपल्या आरएनएचा डीएनए बनवून तिच्या जनुकांतच घुसवतो. मग तीच पेशी नवे विषाणू तयार करू लागते.

२ ते ४ आठवड्यांत अनेकांना ताप, घसादुखी, पुरळ येते. ‘व्हायरल असेल’ म्हणून सोडून देतात. नेमका तेव्हाच रक्तात विषाणू प्रचंड असतो! ताप उतरतो, विषाणू राहतो.

रॅपिड टेस्ट अँटिबॉडी शोधते. त्या दिसायला ३ महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून टेस्ट पुन्हा कराच.

धोका नुकताच घडला असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडून पीईपी (संसर्ग रोखणारी औषधं) सुरू करा. एड्स हेल्पलाइन: १०९७. शंका असेल तर निःसंकोच विचारा.