खिशातील चाकू : शेतकऱ्याचा नित्याचा सोबती

शेतकऱ्याच्या औजारांची गणना करावयाची झाल्यास नांगर, कुळव, पाभर, विळा, खुरपे आणि कोयता ही नावे प्रथम तोंडी येतात. खिशात राहणाऱ्या लहानशा चाकूचे स्मरण सहसा कोणास होत नाही. चंचीतील अडकित्त्यास जो मान मिळतो, तोही त्याच्या वाट्यास येत नाही. वस्तुतः सुतळी तोडणे, पोत्याची शिवण उसवणे, ठिबकची नळी कापणे, फळ चिरून आतील कीड पाहणे, कलमासाठी काडी घेणे अशी दिवसातून दहा वेळा निघणारी कामे त्याच्यावरच भागतात. सबब या औजाराची निवड, निगा आणि त्यापासून संभवणारा एक मोठा धोका यांची माहिती प्रत्येक शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे.

देशोदेशींचे घडीचे चाकू

रोज खिशात बाळगावयाचे जुन्या धर्तीचे चाकू जमविणारी व एकमेकांस कौतुकाने दाखविणारी हौशी मंडळी अनेक देशांत आहेत. त्यांच्या आवडीचे बहुतेक नमुने मुळात शेतकरी, गुराखी व कारागीर यांच्या गरजेतून घडलेले आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

फ्रान्समधील साव्हुआ या डोंगराळ प्रांतात जोसेफ ओपिनेल या अवजारे घडविणाऱ्याच्या मुलाने १८९० साली लाकडी मुठीचा एक साधा चाकू तयार केला. एक पाते, एक मूठ व एक खीळ एवढाच त्याचा पसारा. १८९७ साली त्याचे १ ते १२ क्रमांकांचे लहानमोठे आकार ठरविण्यात आले. उघडे पाते अवचित मिटून बोटे कापली जाऊ नयेत म्हणून १९५५ साली त्यास फिरते कडे बसविण्यात आले. जपानातील मिकी या गावचा 'हिगोनोकामी' चाकू याहूनही साधा आहे. दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि पात्याच्या मागील लहानशी शेपटी अंगठ्याने दाबून धरावयाची, एवढीच त्याची रचना. पूर्वी तेथील शाळकरी मुले याच चाकूने पेन्सिलीस टोक करीत असत.

अमेरिकेतील पशुपालकांच्या चाकूस तीन पाती असतात. टोकदार पाते सामान्य कामासाठी, सरळ धारेचे पाते नेमक्या कापासाठी आणि बोथट टोकाचे तिसरे पाते जनावरांचे खच्चीकरण करण्यासाठी योजलेले असे. आपल्याकडे मात्र खच्चीकरणासाठी चाकू मुळीच वापरू नये. ते काम पशुवैद्यकाकडूनच करवून घ्यावे.

निवड कशी करावी

नित्याच्या कामास तीन ते साडेतीन इंची पात्याचा चाकू पुरेसा होतो. पाते उघडल्यावर खिळीपाशी हलता कामा नये. साध्या पोलादास धार लवकर व उत्तम चढते, परंतु ते गंजते. न गंजणारे पोलाद ओल्या कामास बरे. कलमे बांधण्यासाठी व डोळे भरण्यासाठी मात्र स्वतंत्र चाकू ठेवावा. त्याच्या पात्यास बहुधा एकाच बाजूने उतार दिलेला असतो, त्यामुळे काप सपाट येतो. काप सपाट असेल तरच काडी व खुंट यांच्या सालीलगतचे जिवंत थर एकमेकांस भिडतात आणि कलम जीव धरते. सुतळी व नळ्या कापून बोथटलेल्या चाकूने कलम केल्यास साल चुरगळते आणि कलम वाया जाते.

धार व निगा

धार लावताना निसण्यावर पाणी घालून पाते एकाच कोनात धरावे व सावकाश फिरवावे. कोन वरचेवर बदलल्यास धार गोल होते. बोथट चाकूस जोर अधिक द्यावा लागतो व तो निसटून हातास लागतो. म्हणून धारदार चाकूच अधिक सुरक्षित समजावा. कापताना पाते अंगापासून दूर जाईल असे धरावे. आंबा, लिंबू किंवा कांदा कापल्यावर साधे पोलाद काळवंडते. या करड्या झाकेस हौशी लोक चाकूचे भूषण मानतात, व तिच्यापासून अपायही नाही. तांबडा गंज मात्र पाते खातो. सबब काम संपताच चाकू धुऊन कोरडा करावा आणि पात्यावर व खिळीत तेलाचा थेंब सोडावा.

चाकूबरोबर रोगही हिंडतो

चाकू दुसऱ्यास दाखविण्यात काही हानी नाही. परंतु तो निर्जंतुक न करता एका झाडावरून दुसऱ्या झाडावर अथवा एका बागेतून दुसऱ्या बागेत नेणे घातक आहे. डाळिंबावरील तेल्या रोगाचे जिवाणू छाटणीच्या कात्रीबरोबर व चाकूबरोबर पसरतात. लिंबूवर्गीय झाडांतील 'एक्सोकॉर्टिस' हा रोग तर याहून फसवा आहे. त्याचे कारण असलेला व्हायरॉइड विषाणूहूनही सूक्ष्म असून धारेवरील रसातून निरोगी झाडात शिरतो. जंबेरी खुंटावरील झाडात तो असला तरी झाड सहसा निरोगीच दिसते. त्याच झाडाचे डोळे घेतलेला चाकू पुढे रंगपूर लिंबाच्या खुंटावरील रोपांस लागला, तर काही वर्षांनी खुंटाची साल तडकते आणि झाड खुजे राहते. तोवर बागेवर केलेला खर्च व्यर्थ गेलेला असतो, आणि अशा झाडास बरे करणारे औषध नाही.

हा व्हायरॉइड स्पिरिटने पुसून किंवा पाते ज्योतीवर धरून खात्रीने नष्ट होत नाही. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे १ टक्का द्रावण वापरावे. बाजारातील द्रावण ५ टक्क्यांचे असल्यास त्याच्या १ भागात ४ भाग पाणी मिसळावे. द्रावण रोज ताजे करावे, कारण उन्हाने व घाणीने त्याची शक्ती कमी होते. त्यात आम्ल कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. पात्यावरील चीक व माती आधी पुसावी, नंतर पाते द्रावणात बुडवावे. प्रत्येक मातृवृक्षानंतर व छाटणीत प्रत्येक झाडानंतर हे करावे. जवळ दोन चाकू ठेवल्यास एक द्रावणात असताना दुसऱ्याने काम चालू ठेवता येते. हे द्रावण पोलाद खाते, म्हणून दिवसाचे काम संपल्यावर चाकू स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून तेल लावण्यास विसरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कलमांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी रोपवाटिकेत एक प्रात्यक्षिक ठेवावे. शेतकऱ्यांनी आपापले चाकू घेऊन यावे, निसण्यावर धार लावून पाहावी आणि द्रावण स्वतः तयार करावे. डोळे भरणारे कारागीर गावोगाव फिरत असल्याने त्यांना या प्रात्यक्षिकास अगत्याने बोलवावे. बागाईतदारानेही कारागीर बागेत शिरण्यापूर्वी त्याचे चाकू आपल्यासमक्ष द्रावणात बुडवून घ्यावेत. यात कोणाचा अविश्वास नाही. जन्मभर फळे देणाऱ्या झाडांच्या रक्षणासाठी एवढी दक्षता घेणे हे दोघांचेही कर्तव्य होय.